इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकताना : विद्यार्थ्यांचे अनुभव

इन्स्ट्रक्शनल डिझाइन, म्हणजे शिकवण्याचे साहित्य आणि प्रशिक्षण पद्धतशीरपणे आखण्याचे शास्त्र, हा विषय ज्यांनी पदव्युत्तर पातळीवर शिकला आहे किंवा जे सध्या शिकत आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. सॉफ्टवेअरच्या याद्या इतरत्र मिळतात. कोणते काम करताना विषय खऱ्या अर्थाने उमगला, हे वाचायला मिळावे अशी इच्छा आहे. सुरुवात मी करते.

मी अमेरिकेत फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात एम.एस. करते आहे. १९७५ साली अमेरिकी लष्करासाठी येथे जी प्रशिक्षणपद्धती रचली गेली, तिच्यातूनच विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांची ‘अ‍ॅडी’ पद्धत पुढे रूढ झाली. सत्राच्या प्रकल्पासाठी खऱ्या गरजेचा विषय निवडायचा होता. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे जे काम उभे केले, त्याविषयी मी लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणून आशाताईंसाठी एक छोटा पाठ करायचे ठरवले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासतात. बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा असतो. प्राध्यापकांचा प्रश्न एकच होता : पाठ संपल्यावर या ताई काय करून दाखवतील? ‘न्यूमोनियाची लक्षणे समजतील’ हे उत्तर तेथे चालत नाही, कारण समजलेले डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच चर्चेनंतर उद्दिष्ट असे ठरले, की बाळाचा व्हिडिओ पाहून त्या घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतील, आकडा नोंदवतील आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचे की नाही, ते सांगतील. त्यावरून आधी कसोटी तयार झाली, मग सरावाचे व्हिडिओ ठरले, आणि फुप्फुसांच्या रचनेची आकृती गळून पडली. बाळ रडत असताना श्वास मोजू नयेत, कपडा वर करून पोटाची हालचाल पाहावी, या सूचना मात्र ठळक झाल्या, कारण प्रत्यक्ष घरात आकडा चुकतो तो अशाच ठिकाणी.

शिक्षिका, मुंबई

मी बी.एड. करून गणित शिकवत होते आणि नंतर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात शिकले. वर मांडलेले तत्त्व आपल्याकडच्या शिक्षकांना नवे नाही, हे आवर्जून नोंदवते; पाठ टाचणात ‘विद्यार्थी फरक सांगतो’, ‘विद्यार्थी उदाहरण देतो’ अशी स्पष्टीकरणे आम्ही कित्येक वर्षे लिहीत आलो आहोत. मला नवी होती ती चाचपणी : साहित्य कच्चे असतानाच ते आधी एकेका विद्यार्थ्याला, मग लहान गटाला आणि शेवटी पूर्ण वर्गाला वापरायला देऊन पाहणे. अपूर्णांकांच्या बेरजेचा स्वयंअध्ययन संच सोडवणाऱ्या एका मुलीशेजारी मी काही न बोलता बसले होते. तिने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिली, पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे आले, आणि तिने तेच उत्तर पुन्हा लिहिले. त्या सूचनेत तिला उपयोगी पडेल असे काहीच नव्हते. म्हणून २/५ या उत्तरासाठी मी स्वतंत्र प्रतिसाद तयार केला : एकाखाली एक दोन पट्ट्या, आणि अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे येईल, हा प्रश्न. तिने छेद समान करायला घेतले ते त्यानंतर. मुलांची अशी उत्तरे शाळेत वर्षानुवर्षे तपासली होती. आराखड्याचा कच्चा माल तोच आहे, हे या अभ्यासक्रमाने दाखवले.

नोकरी सांभाळून शिकणारा, पुणे

जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत, म्हणजे शिकताना मनाला एका वेळी मोजकीच माहिती पेलते हा विचार, मला ग्राहकांसाठी प्रशिक्षणाचे पाठ तयार करताना रोज उपयोगी पडतो. निवेदक बोलतो तेच वाक्य पडद्यावर शब्दशः दिले, तर दोन्हींचा मेळ घालण्यातच शिकणाऱ्याची शक्ती जाते. तरीही अनेक ग्राहक पूर्ण मजकुराचा आग्रह धरतात. हवा तेव्हा उघडता येईल असा मजकूर वेगळा द्यावा, हा मार्ग मला योग्य वाटतो, कारण कर्णबधिर शिकणाऱ्यांना त्याची खरोखर गरज असते.

शेवटच्या सत्रातील विद्यार्थी

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. मी ज्या सहकारी बँकेच्या केवायसी प्रशिक्षणाचा अभ्यास केला, तेथे पहिल्याच पातळीचे अर्ज भरून घेतले जात. प्रशिक्षण आवडले, असे जवळजवळ सर्वांनी लिहिले होते. मी शाखांमध्ये जाऊन त्रुटींमुळे परत आलेले अर्ज पाहिले. त्यांतील बऱ्याच त्रुटी जुन्या छापील अर्जांमुळे होत्या, कारण त्यांत नव्या माहितीचा रकानाच नव्हता, आणि त्यावर कितीही प्रशिक्षण दिले तरी उपयोग नव्हता. अहवालात जुने अर्ज बाद करण्याची शिफारस मी पहिली लिहिली, आणि दिवसभराच्या व्याख्यानांऐवजी खऱ्या अर्जांवर अर्ध्या तासाचा सराव देण्याची दुसरी.