गाडीच्या पॉलिशिंग मशीनमुळे कान वाजतात, कोणते इअरमफ घेऊ? (तातडीने मदत हवी आहे)

पॉलिशवाला_नाशिक
दिवसभर मशीन चालतं, संध्याकाळी कानात कुईंऽऽ असा आवाज राहतो. इअरमफ आहेत, 27 वाले, तरी तेच. 31 वाले घेऊ का? उद्या ऑर्डर टाकायची आहे. लेक्चर नको, मॉडेल सांगा.

डेसिबल
मॉडेल सांगतो, पण आधी एवढं सांगा: रोटरी (पॅड नुसतं गोल फिरतं), डीए (फिरतं आणि डोलतंही) की हवेवरचं? किती आरपीएमला? दिवसातून प्रत्यक्ष किती तास ट्रिगर दाबलेला असतो? शेड उघडी की बंद? आणि खोक्यावर 27 च्या आधी एनआरआर लिहिलंय की एसएनआर? मफ किती डेसिबल अडवतो त्याचे हे आकडे: एनआरआर अमेरिकेतल्या चाचणीचा, एसएनआर युरोपातल्या. तोच मफ एनआरआरमध्ये सहसा काही अंकांनी कमी भरतो.

चकाचक_डिटेलिंग
रोटरी असेल तर मफची चर्चाच फिजूल. 15 किंवा 21 मिमी थ्रोचा (म्हणजे पॅड तेवढं डोलतं) डीए घ्या, शक्यतो ब्रशलेस. गिअरची किंचाळी नाही, कार्बन ब्रशचा चरचराट नाही. मूळच कापा ना.

पॉलिशवाला_नाशिक
रोटरीच आहे, अजून काय असणार. 1800 ला चालवतो. एनआरआर लिहिलंय.

स्वर्लशत्रू
1800 ला काळ्या गाडीवर होलोग्राम (उन्हात दिसणारे पॉलिशचे वळसे) येणारच. कंपाउंडिंग (ओरखडे घालवायला खरखरीत पेस्टने घासणं) 1200-1500 ला करा, फिनिशिंग सॉफ्ट फोम पॅडने 1000 च्या खाली. पॅड दर पॅनेलनंतर ब्रशने साफ करा.

डेसिबल
@स्वर्लशत्रू, होलोग्रामचं कुणी विचारलं नव्हतं. पण आरपीएम कमी केले की आवाजही उतरतो, तेवढं कामाचं बोललात.
@पॉलिशवाला, तास किती आणि शेड कसली, ते राहिलंच.

नाना_निवांत
एवढा खर्च कशाला? कापूस तिळाच्या तेलात भिजवून कानात घाला. आमच्याकडे सगळे तेच करतात.

कर्णपिशाच्च
नाना, कृपा करून हे कुणाला सांगू नका. कापूस नावापुरताच आवाज अडवतो आणि मशीनची वरच्या पट्टीची किंचाळी त्यातून आरपार जाते. तेलकट कानाला कंपाउंडची धूळ चिकटते, ती वेगळीच.

पॉलिशवाला_नाशिक
पत्र्याची शेड, धूळ नको म्हणून शटर खाली. 5-6 तास होतात. शेजारच्या बेवर (गाडी उभी करायच्या जागेवर) पोरगा दुसरं मशीन चालवतो, मधून मधून ब्लोअर आणि व्हॅक्यूम. आता तरी मॉडेल सांगाल का?

हिशेबी
सोपं आहे. रोटरी कानापाशी 94 डेसिबल धरा. 94 वजा 27 म्हणजे 67, घरात गप्पा मारतात तेवढाच आवाज. कान वाजण्याचं कारण दुसरंच असणार, बीपी तपासा.

डेसिबल
हिशेबीसाहेब, 27 सरळ वजा करायचे नसतात. तो आकडा प्रयोगशाळेतला, जिथे मफ बसवून देणारा माणूस शेजारी उभा असतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याचा सावध हिशेब असा: एनआरआरमधून 7 वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा. म्हणजे (27−7)÷2 = 10. तेव्हा 94 चे 84 झाले. 31 वाला घेतला तर 12, म्हणजे 82. दोनच डेसिबलचा फरक, त्यासाठी एवढी धावपळ.

त्यात दुसरं मशीन अगदी खेटून चाललं तर 3 डेसिबल वाढतात. आणि बोनेटवर मशीन हाताच्या अंतरावर असतं, पण दाराच्या खालच्या भागासाठी तुम्ही उकिडवे बसता तेव्हा डोकं मशीनला चिकटल्यागत असतं. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत साधारण 6 डेसिबल वाढ. बंद पत्र्यात आवाज परतून येतो, तो आणखी वर.

निऑश या अमेरिकी संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे उघड्या कानाला 85 डेसिबल 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा तास. 5-6 तास उघड्या कानाने 94 म्हणजे काय ते तुम्हीच मांडा.

कायदेपंडित
पण आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत 8 तासांना 90 आहे, 85 नाही. उगाच घाबरवू नका.

डेसिबल
90 ही कायद्याची मर्यादा आहे, कानाची नाही. आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्याने नोंदवायच्या आजारांच्या यादीत आहे, तेही वाचा.

कर्णपिशाच्च
@पॉलिशवाला, तीन प्रश्न. चष्मा आहे? डोक्यावर टोपी असते? धुळीसाठी मास्क लावता?

पॉलिशवाला_नाशिक
तिन्ही. त्याचा कानाशी काय संबंध?

कर्णपिशाच्च
तिथेच तर मेख आहे. मफ आवाज अडवतो तो कुशनच्या गोल कडेने. चष्म्याची दांडी, टोपीची कड आणि मास्कचं इलॅस्टिक, तिन्ही त्याच कडेखालून जातात. काडीएवढी फट राहिली तरी आवाज आत येतो. कुशन घामाने कडक झालं असेल तर 31 वालाही तितकाच गळणार. रोज वापर असेल तर कुशनचा संच वर्षातून दोनदा बदलायचा असतो.

तुमच्यासाठी फोमचे प्लग बरे. थ्रीएम 1100, एनआरआर 29, खोक्यात 200 जोड्या. मुंबईला जाणं झालं तर नागदेवी स्ट्रीटवर, नाहीतर कुठल्याही औद्योगिक सेफ्टीच्या दुकानात. मात्र घालायची पद्धत चुकली तर निम्मा फायदा गेला.

हात साबणाने धुवा, कंपाउंडच्या बोटांनी प्लग हाताळू नका. प्लग बोटांत वळून वळून सुरकुती न पडता बारीक दोरीसारखा करा. विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग सरकवा आणि बोटाने 20-30 सेकंद धरून ठेवा, आत फुगू द्या. आरशात समोरून प्लगचं टोक बाहेर डोकावताना दिसलं तर तो बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. मशीन चालू असताना तळहातांनी कान झाका-सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग गळतोय.

चकाचक_डिटेलिंग
फोम घातला की मशीनचा सूर कळत नाही. पॅड अडकतंय, पेंट तापतोय हे कानानेच कळतं. म्हणून प्रोफेशनल लोक प्लग घालत नाहीत.

कर्णपिशाच्च
कळतं की. सूर बदललेला प्लगमधूनही ऐकू येतो, फक्त दबका. डीए असेल तर बॅकिंग प्लेटच्या (पॅड बसतं ती चकती) कडेवर मार्करने जाड रेघ मारा, फिरणं थांबलं की डोळ्याला दिसतं. रोटरीत हाताला ओढ जाणवते. पॅनेलचं तापमान तळहाताने किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने बघतात, कानाने नाही.

ग्रीसगन
मशीनकडे कुणी बघतच नाहीये. पॅड काढा, बॅकिंग प्लेट काढा, पहिल्या स्पीडला नुसतं चालवा. घरघर आली तर गिअर किंवा बेअरिंग. स्वच्छ चाललं आणि पॅड लावल्यावरच थरथरलं तर प्लेट वाकडी, नाहीतर पॅड मध्यावर बसलेलं नाही. प्लेट बसते त्या M14 आट्यात कंपाउंड वाळून बसलं की प्लेट तिरकी चढते, तार-ब्रशने साफ करा. गिअरहेड उघडून जुनं काळं ग्रीस पुसा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, सांगितलं तेवढंच भरा. ठासून भरलं तर डोकं तापतं आणि ग्रीस मोटरकडे सरकतं. कार्बन ब्रश झिजले असतील तर जोडी एकदम बदला.

पॉलिशवाला_नाशिक
नुसतं चालवलं. घरघर आहे.

ग्रीसगन
कधीपासून?

पॉलिशवाला_नाशिक
दोन-तीन महिने. आधी नव्हती बहुतेक.

ग्रीसगन
मग मफच्या आधी बेअरिंगची ऑर्डर टाका. नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो, तो बघून तोच घ्या.

बॅकबेंचर
नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स चालतील ना? गाणीही होतात.

डेसिबल
नाही. त्यांची करामत मुख्यतः खालच्या घुमणाऱ्या आवाजावर चालते, गिअरच्या किंचाळीवर फारशी नाही. त्यांना एनआरआरही नसतो. वर गाणं ऐकू यावं म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो. आणि वायरचे इअरफोन रोटरीजवळ कधीच नको, दोरीवाले प्लगही नको. दोरी पॅडमध्ये गुंडाळली गेली तर कानासकट ओढते.

पॉलिशवाला_नाशिक
ठीक आहे, प्लग घेतो. पण फोन आला की काढावे लागतात, दिवसातून एक तास तरी जातो.

डेसिबल
काढाच, पण मशीन बंद करून आणि शेजारचंही थांबवून, नाहीतर शेडबाहेर जाऊन. आठ तासांच्या आवाजात एक तास उघडा कान राहिला तर कितीही भारी प्लग असो, दिवसभराचा फायदा 9 डेसिबलच्या वर जात नाही. अर्धा वेळ उघडा, तर फक्त 3. ब्लोअर चालताना दोघांनीही घाला. व्हॅक्यूम आणि पॉलिश एका वेळी नको. पोरालाही प्लग द्या, तो विचारणार नाही.

प्लगवर मफ चढवलात तर दोन्हींची बेरीज होत नाही. जास्त आकडा असलेल्यावर अंदाजे 5 मिळतात. ब्लोअरपुरतं तसं करा, एरवी इतकं बहिरं होऊन बसलात की माणूस वैतागून काढून टाकतो.

मोजायचं असेल तर निऑशचं मोफत साउंड लेव्हल मीटर ॲप आहे, पण ते फक्त आयफोनवर. फोन कानाशेजारी धरा, मशीनला चिकटवून नको.

कर्णपिशाच्च
आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आदल्या दिवशी निदान 14 तास शांतता हवी, म्हणून सुट्टीनंतर सकाळी कामाआधी. आलेखात 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसला तर तो आवाजाचाच मार बहुधा. नाशिकला कुठल्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे होते. मुंबईत जाणं असेल तर बांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था आहे. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र ऑर्डर-बिर्डर सोडा, त्याच दिवशी डॉक्टर.

नाना_निवांत
बरं, मग तेल सर्दीला तरी चालतं का?

कर्णपिशाच्च
नाना, वेगळा धागा काढा.

पॉलिशवाला_नाशिक
बेअरिंग 6201 आहे असं दिसतंय, पुढचं पुसलं गेलंय. 2RS (रबराचं सील) की ZZ (पत्र्याचं झाकण)?

ग्रीसगन
प्लेटच्या बाजूचं असेल तर 2RS, रबराच्या सीलमुळे कंपाउंड आत जात नाही. पण माप आधी कॅलिपरने बघा: 12 मिमी आतला व्यास, 32 बाहेरचा, 10 जाडी.