चिनी अक्षरांची स्ट्रोक ऑर्डर: चुकली तर गुण कापावेत का?

निळी शाई (धागाकर्ता):
अक्षर शेवटी बरोबर दिसले की झाले, रेघा कोणत्या क्रमाने ओढल्या याच्याशी काय देणेघेणे, असे चिनी शिकणारे अनेक जण हल्ली म्हणतात. मला हे मान्य नाही. तोंड या अर्थाचे ‘खौ’ हे अक्षर चौकोनी दिसते, म्हणून नवखा विद्यार्थी चार रेघा ओढतो. प्रत्यक्षात त्यात तीनच आहेत: डावी उभी, मग वरून निघून न थांबता वळणारी आणि उजवीकडून खाली उतरणारी एक, आणि शेवटी तळाची. चार मोजणारा रेघांच्या संख्येवर लावलेल्या शब्दकोशात भलत्याच पानावर शोधत बसतो. देश या अर्थाच्या ‘ग्वो’मध्ये चौकटीची तळरेघ आतला भाग लिहून झाल्यावरच येते, चिनी शिक्षक मुलांना सांगतात की आधी माणसे आत घ्यावीत, मग दार लावावे.

खरी अडचण इतरांचे हस्ताक्षर वाचताना येते. घाईत लिहिताना पेन पुरते उचलले जात नाही आणि एका रेघेचे टोक पुढच्या रेघेच्या आरंभाला जोडले जाते. पाणी या अर्थाच्या ‘श्वेइ’मध्ये मधली आकडेदार रेघ आधी, मग डावी बाजू, मग उजवी, हे ज्याच्या हातात बसलेले नाही, त्याला भरभर लिहिलेले तेच अक्षर ओळखता येत नाही. म्हणून माझ्या मते क्रम चुकल्यास गुण कापावेत.

आडवीतिडवी:
कोणता क्रम ‘बरोबर’, हे आधी ठरवावे लागेल. राजा या अर्थाचे ‘वांग’ चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी असे लिहितात. हीच अक्षरे वापरणाऱ्या जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच उभी येते. ‘उजवा’ हे अक्षर चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होते, जपानमध्ये तिरक्या रेघेने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या १९५८ च्या मार्गदर्शिकेतच म्हटले होते की तीत न दिलेला क्रम चुकीचा समजू नये. आपल्याकडे मोडीत आधी पानभर रेघ आखून अक्षरे तिला टांगत, तर शाळेत देवनागरी शिकताना शिरोरेषा बहुधा शेवटी दिली जाते. यातले अशुद्ध काय? शिवाय आज चिनी माणूसही फोनवर बहुधा पिनयिनने, म्हणजे उच्चार रोमन लिपीत लिहून, टंकतो आणि एचएसके ही परदेशी विद्यार्थ्यांची चिनी भाषेची परीक्षा संगणकावर देता येते. परदेशी विद्यार्थ्यांना किती चिनी यावे हे ठरवणाऱ्या चीनच्या २०२१ च्या मानकात वाचायची अक्षरे ३००० आहेत, हाताने लिहायची फक्त १२००.

निळी शाई:
‘फक्त’ १२०० म्हणजे शून्य नव्हे. चीन आणि जपान यांचे क्रम वेगळे असले तरी प्रत्येकाची आपापली पद्धत आहे, आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी एक धरावी. चीनमध्ये औपचारिक नामावल्या आडनावातील रेघांच्या संख्येनुसार लावतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या संचलनात प्रथेने पहिल्या असलेल्या ग्रीसनंतर लगेच गिनी आले, कारण त्या देशाच्या चिनी नावातील पहिल्या अक्षरात दोनच रेघा आहेत.

आडवीतिडवी:
हे उदाहरण संख्येचे आहे, क्रमाचे नव्हे. रेघांची संख्या सारखी असली तरच पहिली रेघ आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका की वळणाची हे पाहतात. रेघा नीट मोजायला शिकवा, त्याला माझी हरकत नाही. तेवढ्यावरून क्रमाचे गुण कापणे सिद्ध होत नाही.

कांजीप्रेमी:
मी पुण्यात जपानी शिकवते. जपानीनंतर चिनीकडे वळलेल्या विद्यार्थ्याचा हात ‘वांग’ जपानी पद्धतीने लिहितो, आणि त्यासाठी मी गुण कापत नाही. डावखुऱ्यांचाही विचार व्हावा, कारण आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढण्याचा नियम उजव्या हाताच्याच सोयीचा आहे. मात्र ‘खौ’च्या चार रेघा केल्या तर मी ते अक्षर पुन्हा लिहायला लावते. खालून वर ओढलेली उभी रेघही खपवून घेत नाही, कारण अशी रेघ वेगाने लिहिताना पहिल्यांदा बिघडते.

निळी शाई:
जपानी क्रमाला सूट देण्यास हरकत नाही, कारण तोही क्रमच आहे. ज्याला कोणताच क्रम नाही, त्याला सूट कशासाठी? २०२१ च्या मानकातील प्राथमिक स्तराची लेखनाची ३०० अक्षरे घ्या; तेवढ्यांपुरते तरी गुण कापावेत, पुढे शिक्षकाने पाहून घ्यावे.

आडवीतिडवी:
तेवढ्यांपुरतेही नकोत. वहीत दुरुस्त करून द्यावे. परीक्षेत तपासणाऱ्यासमोर फक्त पूर्ण झालेले अक्षर असते, आणि त्यावरून क्रम ओळखण्याचा दावा बहुतेक वेळा अंदाजच असतो.