संगीतकाराचं दप्तर: वारसांच्या कुलपात की सगळ्यांसाठी खुलं?

कागदी घोडा (धागाकर्ता)

१९४३. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक न्यूयॉर्कच्या इस्पितळात पडलेला, तब्येत ढासळलेली, हातात पैसा नाही. कंडक्टर सर्ज कूसेवित्स्की खोलीत येतो आणि एक हजार डॉलर मानधनावर नवी रचना मागतो. निम्म्या रकमेचा चेक तो सोबतच घेऊन आला होता. त्यातून 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' झाला. पण कूसेवित्स्कीकडे शब्द टाकला होता फ्रिट्झ रायनर आणि योझेफ सिगेटी या दोन हंगेरियन स्नेह्यांनी. बार्टोकला त्याचा पत्ता लागू दिला नाही; मदत म्हटली की तो नकार देणार, हे दोघांना ठाऊक होतं.

स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या लिखित प्रतीत, असली मधली माणसं दिसत नाहीत. विसाव्या शतकात कोण वाजलं आणि कोण अडगळीत गेलं, याचं निम्मं उत्तर पत्रं, करार आणि हिशेबाच्या वह्यांत आहे. माझं मत सरळ आहे: संगीतकार गेला की त्याची व्यवसायाची कागदपत्रं खुली करावीत, वारसांच्या मर्जीवर सोडू नयेत. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने २०११ पासून आपलं दप्तर ऑनलाइन टाकायला घेतलं. त्यांचा कंडक्टर बर्नस्टाइन याचे खुणा केलेले स्कोअर त्यात घरबसल्या बघता येतात: निळी पेन्सिल स्वतःसाठी, लाल पेन्सिल वादकांच्या प्रतींत उतरवण्यासाठी. याउलट संगीतकार स्ट्राविन्स्कीचं दप्तर स्वित्झर्लंडमधल्या पॉल झाखर फाउंडेशनने १९८३ मध्ये साडेबावन्न लाख डॉलरना घेतलं. ते बघायचं तर बासेल गाठा.

मौनराग

साफ असहमत. उदाहरण तुमचंच घेऊ. ज्या माणसाला ही गोष्ट कळू नये म्हणून दोन मित्रांनी एवढी खटपट केली, त्याची ती चारचौघांत सांगून तुम्ही खुलेपणाची बाजू मांडताय! आणि रचना त्यामुळे वेगळी ऐकू येते का? मला तरी नाही.

दुसरं म्हणजे, पत्र दोघांचं असतं. शिफारस मागणारा, उधारी मागणारा, 'अमक्याला घेऊ नका, सूर कच्चा आहे' असं खाजगीत लिहून मोकळा होणारा. यातले बरेच जण प्रसिद्ध नव्हते. त्यांना कुणी विचारलं?

कागदी घोडा

@मौनराग, बार्टोकपुरतं मान्य, तिथे तुम्ही मला पकडलंत. पण झाकून ठेवण्याची दुसरी बाजूही बघा. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं दप्तर ऑर्केस्ट्राच्याच ताब्यात. २०१३ मध्ये इतिहासकारांना ते बघू दिलं, तेव्हा आकडे जाहीर झाले: १९४२ मध्ये १२३ वादकांपैकी ६० नाझी पक्षाचे सदस्य. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वीस वर्षं तुरुंगात काढून आलेल्या शिराखला (व्हिएन्नाचा नाझी प्रमुख) ऑर्केस्ट्राकडून मानाची अंगठी नव्याने पोचवली गेली, हेही तेव्हाच. हा काय खाजगी मामला होता?

मौनराग

नाही. पण ते एका संस्थेचं दप्तर आहे. तुम्ही माणसाच्या टेबलाच्या खणाबद्दल बोलत होतात. दोन्ही एका मापाने मोजू नका.

पुठ्ठ्याचा खोका

तुम्ही दोघंही कागद तयार ठेवलेलेच आहेत असं धरून भांडताय. मी काही वर्षं अशाच एका संग्रहात याद्या करायचं काम केलंय (नाव नको). खोका उघडला की आधी गंजलेल्या टाचण्या निघतात, मग 'प्रिय एफ.' अशी तारीख नसलेली चिठ्ठी. हा एफ. कोण, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून ठरवायचं. आणि पाकीट बहुधा कुणीतरी तिकिटासाठी पळवलेलं. स्कॅन करायला दोन मिनिटं, ओळख पटवायला दोन दिवस.

आणखी एक. माणसाच्या दप्तरात असतात त्याला *आलेली* पत्रं. त्याने लिहिलेली दुसऱ्यांच्या घरी. सेक्रेटरीने कार्बन कॉपी ठेवली असेल तर नशीब, नाहीतर संवादाची एकच बाजू हातात. म्हणून बासेलला नावं ठेवू नका. स्ट्राविन्स्की, वेबर्न असे बरेच जण एका छताखाली असले की एकाच्या खोक्यातला प्रश्न दुसऱ्याच्या खोक्यात सुटू शकतो.

वारसांवरही एवढा राग नको. संगीतकार शेनबर्गचं दप्तर लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात होतं. त्यासाठी बांधलेली इमारत इतर कामांना वापरण्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८ मध्ये सगळं व्हिएन्नाला हलवलं. तिथे ते आज अभ्यासकांना खुलं आहे. संस्थेच्या हाती दिलं की सुटलो, असं नसतं.

उभा आडवा

+१ खोक्याला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात शेनबर्गच्या संगीताच्या प्रकाशनाचा साठा जळाला, सुमारे एक लाख स्कोअर आणि वादकांच्या प्रती. मूळ हस्तलिखितं आधीच व्हिएन्नात होती म्हणून वाचली.

कागदी घोडा

हे १९९८ चं प्रकरण मला उलटं ठाऊक होतं, वारसांनी हट्टाने उचलून नेलं असंच वाचलं होतं. ठीक, 'वारसांच्या मर्जीवर सोडू नये' हे वाक्य मागे घेतो. पण मुदत तरी हवी की नाही? कायमचं 'परवानगीशिवाय नाही' कसं चालेल?

मौनराग

मुदतीला माझी ना नाही. पत्रातला *शेवटचा* माणूस जाईपर्यंत, फक्त प्रसिद्ध असलेला नव्हे.

अवांतर: तुमच्या नादाने बर्नस्टाइनचा माहलरच्या सहाव्या सिंफनीचा स्कोअर उघडला. पहिल्याच पानावर गाडीच्या बंपरला लावतात तसला स्टिकर: 'माहलर ग्रूव्ह्ज'. तासभर तिथेच गेला, हे कबूल.