बीबीसी एलएस३/५ए सारखी स्पीकरची जोडी गावात बनवायची आहे: लाकूड, क्रॉसओव्हर, उन्हाळा

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीबीसीच्या जुन्या एलएस३/५ए मॉनिटरची (आवाज तपासून ऐकायच्या छोट्या स्पीकरची) प्रतिकृती घरी बनवायची आहे. खोली १० बाय १२ फूट, वर टिन. बाहेरचं माप ३०५ × १९० × १६० मिमी, हे ठाऊक आहे. अडचणी अशा:

बर्च प्लाय आमच्या तालुक्यात मिळत नाही. सुतार म्हणतो, "पाऊण इंची सागवानात करून देतो, जन्मभर हलणार नाही." द्यावं का त्याच्याकडे?

केईएफ कंपनीचे मूळ स्पीकर, म्हणजे बी११० (खालच्या सुरांचा वूफर) आणि टी२७ (वरच्या सुरांचा ट्वीटर), मिळणं कठीण. बाजारातला ५ इंची वूफर आणि डोम ट्वीटर घेऊन त्यावर मूळ एफएल६/२३ क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट) जसाच्या तसा बांधला तर चालेल का? त्याच्या कॉईल कुठून आणायच्या?

मे महिन्यात खोलीत जी भट्टी होते, तिचा काही त्रास होईल का? आणि हीच जोडी गावातल्या भजनी मंडळाला मंडपात वापरता येईल का?

सुतारकी_चंद्रपूर

भाऊ, आधी लाकडाचं. सुतार मायेनं सांगतोय, पण या डब्यासाठी पाऊण इंची सागवान चुकीचं आहे, आणि त्याला कारणं दोन.

पहिलं, भरीव फळी आडव्या अंगानं फुगते आणि आकसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठाक, जुलै-ऑगस्टमध्ये दमट. बंद डब्याचे चारही कोपरे चिकटवलेले असले की एक तर जोड उघडतो, नाही तर फळीला चीर जाते. हा डबा हवाबंद हवा, तिथे केसाएवढी फटही चालत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बीबीसीची रीतच वेगळी होती: पातळ भिंत आणि तिला आतून डांबरी फेल्टचं ओझं. पातळ पॅनेलचा अनुनाद (त्याची स्वतःची थरथर) खालच्या सुरांत उतरतो आणि फेल्ट तो लगेच शोषून घेतं. जाड, टणक भिंत तोच अनुनाद वर ढकलते, नेमका माणसाच्या आवाजाच्या पट्टीत. म्हणून १२ मिमी म्हणजे १२ मिमीच. १८ मिमी घेतलं की बाहेरचं माप तेच ठेवून आतलं आकारमान घटतं, तो तोटा वेगळाच. मूळ डब्यात आत सुमारे ५ लिटर हवा आहे.

बर्च नाही तर आयएस ७१० शिक्क्याचा १२ मिमी मरीन प्लाय घ्या. विकत घेताना कडा बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर दुसरा तुकडा मागा. पोकळी असलेला प्लाय ठराविक सुरावर खरखरतो आणि दोष स्पीकरचा वाटतो. एका डब्याला सगळ्या फळ्या मिळून पाव चौरस मीटरच्या आतच लागतात. जोडीसाठी ४ × २ फुटांचा तुकडा कापणीच्या नासाडीसकट पुरतो, अख्खी ८ × ४ ची शीट घेऊ नका.

सागवान दिसायला हवंच असेल तर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा, पण फळीच्या दोन्ही अंगांना. एकाच अंगाला लावलं तर पावसाळ्यात फळीला बाक येतो. पुढची फळी म्हणजे बॅफल मात्र काळी रंगवायची, तिला विनियर नको.

आता आतल्या पट्ट्या. बॅफल आणि मागची फळी ज्या चौकटीवर स्क्रूनं बसतात त्या पट्ट्या बीबीसीनं बीच लाकडाच्या ठरवल्या होत्या. पराना पाईनच्या वापरल्या तेव्हा आवाजाचा रंग बदललेला ऐकू आला. म्हणजे पाईन किंवा पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड नको. आपल्याकडे हळदू किंवा शिसम घ्या, पूर्ण वाळलेलं, गाठ नसलेलं. १२ × १२ मिमी पट्टी जोडीला सुमारे ११ फूट लागते, १२ फूट कापून ठेवा.

इथे एक फसगत होते. मूळ वूफर बॅफलच्या मागून बसवलेला आहे आणि ट्वीटर पुढून. आतली रुंदी १६६ मिमी, दोन्हीकडच्या पट्ट्या वजा केल्या की उरतात १४२. आजचे बरेच ५ इंची वूफर चौकटीसकट १४५ मिमीच्या वर जातात, मग बॅफल बसतच नाही. म्हणून स्पीकर हातात आल्याशिवाय पट्ट्या चिकटवू नका. थोडंच अडत असेल तर तेवढ्या जागी पट्टीत खाच घ्या.

फेल्ट: छपरावर घालतात तो टारफेल्ट किंवा गाडीच्या दरवाज्यात लावतात ती डांबरी शीट चालते. दोन्ही बाजू, वर, खाली आणि मागच्या फळीला लावा. तुमच्या उन्हाळ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. टिनाखालच्या खोलीत डांबर मऊ पडतं, काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्हही ढिलं होतं आणि फेल्ट घसरून थेट वूफरच्या पाठीवर येतं. म्हणून चिकटवल्यावर अर्धा इंची चुका ठोका, चार बोटांच्या अंतरानं. फेल्टची जाडी धरून त्या प्लायमध्ये ८-९ मिमी जातात, बाहेर निघत नाहीत. त्यावर इंचभर जाडीचा मऊ, मोकळ्या छिद्रांचा फोम. थर्माकोल अजिबात नको, तो आवाज शोषत नाही.

जोडाला फेविकॉल मरीन लावा, गुण्या लावून तपासा आणि रात्रभर शिकंज्यात राहू द्या. मागची फळी पुन्हा पुन्हा उघडावी लागते, म्हणून तिला लाकडी स्क्रूऐवजी आत पितळी इन्सर्ट आणि एम४ स्क्रू. कडेला पातळ फोमची पट्टी.

मोटार_वायंडर

डब्याचं वर आलंच. मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो: नाही चालणार. एफएल६/२३ हा सर्वसाधारण क्रॉसओव्हर नाही. तो बी११० आणि टी२७ या दोन स्पीकरांच्या गुणदोषांना मापून बेतलेला आहे. बी११० च्या बेक्स्ट्रीन (एक प्लास्टिक) कोनचा मधल्या पट्टीतला उंचवटा तो दाबतो आणि ट्वीटरची पातळी टॅप असलेल्या (मधून फाटे काढलेल्या) कॉईलवरून जुळवतो. तुमच्या वूफरला तो उंचवटा नसेल तर तिथे खड्डा पडेल. शिवाय मूळ जोडी १५ ओहमची, १९८७ नंतरची ११ ओहमची, आणि दोघींची सर्किटं वेगळी. नेटवर दोन्ही नकाशे फिरतात, त्यांचे भाग एकमेकांत मिसळू नका.

म्हणजे वाटा दोनच. खरी प्रतिकृती हवी तर बी११० आणि टी२७ यांच्या आज बनणाऱ्या आवृत्त्या इंग्लंडच्या फाल्कन अकूस्टिक्सकडून मागवायच्या (मूळ दोन्ही स्पीकर केईएफमध्ये असताना बेतणाऱ्या माल्कम जोन्स यांनीच ती कंपनी काढली) आणि त्यांना जुळणारा क्रॉसओव्हर बांधायचा. खर्च मोठा आहे. दुसरी वाट: डबा तोच, स्पीकर आजचे, क्रॉसओव्हर नवा. तिला प्रतिकृती म्हणू नका, पण काम नेटकं केलं तर आवाज फार सुंदर मिळतो.

दुसऱ्या वाटेनं जाणार असाल तर वूफर घेताना त्याच्या कागदावरचे तीन आकडे बघा: एफएस (उघड्या वूफरचा अनुनाद), क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला आहे) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेएवढी हवा, लिटरमध्ये). व्हीएएसला ५ लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्यानं एफएस आणि क्यूटीएस दोन्ही गुणा. समजा एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस १० लिटर. वर्गमूळ १.७३. डब्यातला अनुनाद ८७ हर्ट्झ, क्यू ०.६९. हे छान. क्यू १.२ च्या वर गेला तर बेस ढबढबतो. ज्या वूफरसोबत हे आकडे छापून येत नाहीत तो घेऊच नका, मग तो कितीही वॉटचा असो.

बॅफल १९० मिमी रुंद आहे, त्यामुळे सुमारे ६०० हर्ट्झच्या खाली आवाज डब्याच्या मागेही पसरू लागतो आणि पुढे कमी पडतो (११५ भागिले मीटरमधली रुंदी, हा ढोबळ हिशोब). तो भरून काढायला वूफरच्या वाटेत १.३ मिलिहेन्री कॉईल आणि तिला समांतर ५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर. डबे भिंतीला लागून ठेवणार असाल तर रेझिस्टर ३.३ ओहमवर आणा, कारण भिंतच काही बेस परत देते.

वूफरच्या टोकांवर झोबेल लावायचा: डीसी रोधाच्या सव्वापट रेझिस्टर आणि त्याच्यासोबत सीरिजमध्ये कपॅसिटर. कपॅसिटरची किंमत (मायक्रोफॅरडचा आकडा) म्हणजे वूफरच्या आतल्या कॉईलचं इंडक्टन्स भागिले रेझिस्टरचा वर्ग. ६ ओहम आणि ०.५ मिलिहेन्रीच्या वूफरला ७.५ ओहम व साधारण ९ मायक्रोफॅरड येतं. हे नसेल तर वरच्या सुरांना वूफरचा इम्पिडन्स (एसी रोध) वर चढत जातो आणि क्रॉसओव्हरचा सगळा हिशोब कागदावरच राहतो.

कॉईलसाठी नागपूरला जायची गरज नाही. कृषिपंपाच्या मोटारी भरणारं दुकान प्रत्येक तालुक्याला आहे. तिथून २० गेजची इनॅमल तांब्याची तार वजनावर घ्या. १ मिलिहेन्रीची एअर-कोअर कॉईल अशी: १ इंच व्यासाचा, १ इंच लांबीचा लाकडी किंवा पीव्हीसी गाभा, दोन्ही टोकांना प्लायच्या चकत्या, सुमारे २१५ वेढे. तार साधारण २३ मीटर, वजन १३५ ग्रॅमच्या आसपास, रोध ०.६ ओहम. १० वेढे जास्त घाला आणि एलसीआर मीटरवर (कॉईल-कपॅसिटर मोजायच्या मीटरवर) बघत एकेक काढत जा. पाहिजे तो आकडा आला की वार्निश. गाभ्यात लोखंडी बोल्ट ठेवून मोजलं तर आकडा खोटा येतो, आणि डब्यात तसाच ठेवला तर आवाजही बिघडतो, तेव्हा बसवायला पितळी स्क्रू किंवा नायलॉन टाय. दोन कॉईल एकमेकींशी काटकोनात, मध्ये निदान ३-४ इंच. गरम गोंदाच्या कांडीवर आपल्या उन्हाळ्यात भरवसा ठेवू नका.

कपॅसिटर तर प्रत्येक घरात आहे. पंख्याचा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड आणि कूलरचा ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीवाला, हा मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि ट्वीटरच्या वाटेत उत्तम चालतो. समांतर जोडले की किंमतींची बेरीज होते: ४ आणि २.५ मिळून ६.५, म्हणजे ८ ओहमच्या ट्वीटरला साधारण ३ किलोहर्ट्झवर पहिल्या दर्जाची (नुसत्या कपॅसिटरची, सौम्य उताराची) छाटणी. मी मात्र दुसऱ्या दर्जाचीच (कपॅसिटरसोबत कॉईलही) करायला सांगेन, नाही तर छोट्या डोमवर खालच्या सुरांचा भार येतो. मोटार चालू करायचा मोठा काळा कपॅसिटर मात्र घेऊ नका, तो इलेक्ट्रोलिटिक असतो आणि क्षणभराच्या कामासाठीच बनवलेला.

अनुनाद

वरच्या दोघांनी सगळं नीट सांगितलंय, मी मोजमापाचं जोडतो, कारण नव्या स्पीकरांचा क्रॉसओव्हर कागदावर पुरा होत नाही. तिथे गावात राहण्याचा मोठा फायदा आहे. शहरातल्या खोलीत भिंती लगेच आवाज परत फेकतात. तुमच्याकडे हरभरा निघाल्यावर मोकळं वावर आहे आणि जागलीचं मचाण आहे.

डबा जमिनीपासून ३ मीटर उंच ठेवा, माईक त्याच उंचीवर बरोबर १ मीटर समोर. जमिनीवरून आपटून येणारा आवाज ५ मीटरभर जास्त चालून येतो, म्हणजे जवळपास १५ मिलिसेकंद उशिरा. रेकॉर्डिंगचा त्याआधीचा तुकडा कापून घेतला की ७० हर्ट्झपर्यंतचं खरं चित्र मिळतं. मात्र डबा मचाणाच्या कडेला असा ठेवा की पुढे फळ्या येणार नाहीत, नाही तर त्याच परावर्तन देतील. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा मोजा. मोबाईलचा माईक दोन डब्यांची एकमेकांशी तुलना करायला पुरतो, पण क्रॉसओव्हर ठरवायला कॅलिब्रेशन फाईलसह (माईकची स्वतःची चूक भरून काढणाऱ्या आकड्यांसह) येणारा यूएसबी माईक लागेल.

डबा बंद केल्यावर साधी परीक्षा: वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी कडेशी हलके दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर डबा हवाबंद. टचकन उडाला तर गळती आहे. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या भोकातून किंवा बॅफलच्या कोपऱ्यातून असते.

ट्वीटरच्या चारही बाजूंना जाड लोकरी फेल्टच्या पट्ट्या विसरू नका. मूळ डब्याच्या कडा बॅफलच्या पुढे येतात, ट्वीटरचा आवाज तिथे आपटतो, तो आवरायला त्या आहेत. बरेच जण त्यांना शोभा समजून गाळतात आणि मग ट्वीटर टोचतो म्हणून क्रॉसओव्हर बदलत बसतात.

हा सगळा विचार बीबीसीच्या संशोधन विभागाच्या १९७६ च्या अहवालात आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो. लाकूड कापण्याआधी जरूर वाचा.

वैनगंगाकाठ

फार उपकार झाले. सुतारभाऊंना सगळं वाचून दाखवतो. सध्या दुसरी वाट धरतो. मंडपाचं राहिलं, आणि अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?

सुतारकी_चंद्रपूर

मंडपात नाही, भाऊ. मूळ डब्याची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ८२-८३ डेसिबल, म्हणजे कमीच. हा डबा बीबीसीनं बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, हाताच्या अंतरावरून ऐकायला बनवला. उघड्या मंडपात तो ओरडायला लावला की ट्वीटर जातो. भजनाला किंवा वडश्याकडच्या झाडीपट्टी नाटकांसारख्या मोठ्या जमावाला हॉर्नचीच (भोंग्याच्या स्पीकरांची) जात लागते. जुन्यातलंच हवं तर ऑल्टेकच्या 'व्हॉइस ऑफ द थिएटर'मधल्या ए७ चा विचार करा: १५ इंची वूफर पुढून हॉर्नमध्ये, वर धातूचा हॉर्न, ५०० किंवा ८०० हर्ट्झला छाटणी. पण तो माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा डबा आहे, त्याचा वेगळा धागा काढा.

मोटार_वायंडर

घरी ३० ते ५० वॉट पुरे. कमी वॉटचा पिळला तरी ट्वीटर जळतो. रात्री पंप सुरू झाले की २३० चे १८० व्होल्ट होतात, आणि साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद तेव्हा सुमारे ४० टक्क्यांनी घटते. आवाजाची कळ तीच, पण लाटेचे शेंडे छाटले जातात. त्या वेळी आवाज कमी ठेवा किंवा स्टॅबिलायझर लावा.

आणि जुन्या कूलरमधून काढलेला कपॅसिटर न मोजता लावू नका. वापरानं त्याची किंमत उतरते, ४ चा ३ झालेलाही निघतो. प्रत्येक डब्यात कपॅसिटर मिळून जी किंमत येते ती दोन्हीकडे सारखी असली पाहिजे, नाही तर गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता एका डब्याकडे सरकतो.