सुरकुत्या गार साच्यामुळे पडतात
बंदुकीसाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतण्यावरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की महागडा साचा घेऊनही गोळ्यांवर सुरकुत्या येतात म्हणजे साचाच खराब; हे मत पटलं नाही. मी इथे टेक्सासमध्ये ठासणीच्या बंदुकीसाठी शुद्ध, मऊ शिशाच्या गोल गोळ्या ओततो. शिसं साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण साचा गार असला की आत शिरता शिरताच थिजतं. पहिल्या दहा-बारा गोळ्या मी सरळ बाजूला काढतो; साचा तापला की मग गुळगुळीत, भरीव निघतात.

पाण्याच्या धोक्याबद्दल मात्र चर्चेत कुणीच लिहिलं नाही. एकदा भंगारातला ओलसर तुकडा भांड्यात टाकला आणि शिसं फाडकन उसळलं, थेंब हातमोज्यावर चिकटले. आता प्रत्येक तुकडा आधी तापवून कोरडा करतो. शिसं विषारी, म्हणून काम उघड्यावरच, आणि हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय लेकीला जवळ घेत नाही.