अमेरिका १७७६ ला स्वतंत्र, वॉशिंग्टन अध्यक्ष १७८९ ला, मग मधे कारभार कोण बघत होतं?

अभ्यासिका_नारायण_पेठ

मंडळी एक बेसिक प्रश्न आहे, हसू नका. स्पर्धा परीक्षेसाठी जगाचा इतिहास वाचतोय आणि नोट्समधे अमेरिकेचं स्वातंत्र्य दोन पानांत उरकलंय. १७७३ बोस्टन टी पार्टी, १७७६ जाहीरनामा, १७८१ यॉर्कटाउनची लढाई, १७८३ पॅरिसचा तह आणि मग एकदम उडी, १७८७ राज्यघटना, १७८९ वॉशिंग्टन अध्यक्ष. मग जाहीरनाम्यापासून वॉशिंग्टन खुर्चीवर बसेपर्यंत तिकडे सरकार होतं की नव्हतं? युद्ध कुणी चालवलं, तह कुणाच्या नावाने झाला?

दुसरं म्हणजे, आणि हे जास्त डोक्यात घोळतंय, पार्लमेंटमधे आमचा प्रतिनिधी नाही तर आम्ही कर देणार नाही म्हणून ज्यांनी राजाशी भांडण काढलं त्यांनीच युद्ध संपल्यावर पाच-सहा वर्षांत कर बसवणारं जबरी केंद्र सरकार स्वतःच्या डोक्यावर का बसवून घेतलं? रूममेट म्हणतो त्यांचे नेते दूरदृष्टीचे होते. असं मेन्सला लिहिलं तर मार्क कोण देणार?

सदाशिव_खडूस

सरकार होतं. नाव काँग्रेस, खिसा रिकामा. बाकीचं मास्तर सांगतीलच, हा विषय दिसला की ते ताटावरून उठून येतात.

निवृत्त_मास्तर_कोथरूड

खडूसराव, जेवण झालंय माझं.

पोरा, प्रश्न चांगला आहे, नोट्सवाल्यांनीच खरी गंमत गाळलीय. एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन-कॉन्कॉर्डला इंग्रज फौज आणि वसाहतवाल्यांत गोळीबार झाला आणि मे महिन्यात फिलाडेल्फियात तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस भरली. ती खरं तर गाऱ्हाणी मांडायला बोलावलेली सभा, पण युद्ध अंगावर आल्यामुळे तीच सरकार होऊन बसली. वॉशिंग्टनला सेनापती तिनेच केलं, नोटा तिनेच छापल्या, फ्रँकलिनला फ्रान्सला मदत मागायला तिनेच धाडलं. कायद्याने तिला हे अधिकार कुणी दिले होते म्हणशील तर कुणीच नाही. नोव्हेंबर १७७७ ला काँग्रेसने आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन नावाचा करारनामा मंजूर केला पण तो लागू व्हायला तेराच्या तेरा राज्यांची मान्यता पाहिजे, आणि पश्चिमेच्या जमिनी कुणाच्या यावरून मेरीलँड अडून बसलं ते थेट मार्च १७८१ पर्यंत. म्हणजे युद्ध संपत आलं तेव्हा कुठे सरकारचे कागद पूर्ण झाले.

आता त्या करारनाम्यात काय होतं ते बघ. एकच सभागृह, राज्य लहान असो मोठं असो मत एकच. अध्यक्ष होता पण तो सभा चालवण्यापुरता. केंद्राची कायमची न्यायालयं नाहीत, हुकूम बजावणारं खातं नाही. महत्त्वाच्या ठरावाला तेरापैकी नऊ राज्यं लागायची आणि करारनाम्यातला शब्द बदलायचा तर तेराही. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे कर बसवायचा अधिकारच नाही! काँग्रेस राज्यांना पत्र लिहायची की बाबांनो तुमच्या वाट्याचे इतके पाठवा, आणि राज्यं मनाला येईल तेवढे पाठवायची नाहीतर गप्प बसायची. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यावर सेक्रेटरी निदान नोटीस तरी लावतो, काँग्रेसला तेवढंही करता येत नव्हतं.

असं लुळंपांगळं सरकार त्यांनी मुद्दाम केलं होतं हे मात्र विसरू नकोस. व्हर्जिनियाची सभा १६१९ पासूनची, तिथल्या माणसाला आपलं सरकार म्हणजे व्हर्जिनियाचं. लंडनने फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज फेडायला १७६५ ला स्टॅम्प अ‍ॅक्ट लादला, म्हणजे वर्तमानपत्र घ्या, करारपत्र घ्या, पत्त्यांचा जोड घ्या, स्टॅम्प लागणार. पुढच्या वर्षी तो मागे घेतला पण लांबचं सरकार खिशात हात घालतं ही धास्ती बसली ती बसलीच. मग लंडन हाकलून फिलाडेल्फियाला तोच अधिकार कोण देणार?

परिणाम काय, तर सैनिकांचे पगार थकले. जून १७८३ ला थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेस बसते त्या इमारतीलाच वेढा घातला, पेनसिल्व्हेनिया राज्य संरक्षणाला शिपाई देईना, मग काँग्रेस पळाली प्रिन्स्टनला, तिथून अ‍ॅनापोलिस, मग ट्रेंटन, मग न्यूयॉर्क. देश जिंकलाय आणि सरकार बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतंय. पॅरिसच्या तहावर शिक्कामोर्तब करायला नऊ राज्यांचे प्रतिनिधी हवेत तर अ‍ॅनापोलिसला तेवढी माणसंच जमेनात, शेवटी १४ जानेवारी १७८४ ला कसंबसं जमलं. आयातीवर ५ टक्के ड्युटी लावून कर्ज फेडू असं १७८१ ला काँग्रेसने सुचवलं, बाकीची राज्यं राजी होत होती तर चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, संपला विषय. १७८५ पासून फ्रान्सच्या कर्जाचं व्याजसुद्धा बंद. तहात सोडायचे ठरलेले डेट्रॉइट, नायगारा वगैरे किल्ले इंग्रजांनी १७९६ पर्यंत सोडले नाहीत, आणि त्यांना हुसकायला यांच्याकडे सैन्य कुठे होतं?

एक काम मात्र चोख केलं. १७८७ च्या जुलैत नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स काढून ठरवलं की ओहायो नदीच्या पलीकडे नवीन राज्यं होतील ती जुन्या तेरांच्या बरोबरीची, आणि तिथे गुलामगिरी नाही.

मावळा_१७७९

काका सगळं ठीक पण खरं कारण कुणी सांगत नाही, त्याच वेळी मराठ्यांनी इंग्रजांना वडगावला धूळ चारली म्हणून इंग्रजांना अमेरिका सोडावी लागली. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

ताम्हिणी_ताई

मावळ्या, वडगाव खरं आहे रे. जानेवारी १७७९, महादजी शिंद्यांनी इंग्रजांची फौज कोंडली आणि तह लिहून घेतला, लोणावळा लोकलला तळेगावच्या पुढचं स्टेशन. पण तिकडे लढत होती ती ब्रिटिश राजाची फौज आणि इकडे आलेली मुंबईकर कंपनीची, इकडच्या पराभवाने तिकडचं युद्ध फिरलं असं म्हणायला काही आधार नाही. तिकडे फिरलं ते ऑक्टोबर १७७७ ला साराटोगाच्या लढाईत, कारण अमेरिकनांच्या त्या विजयानंतर फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ ला अमेरिकेशी उघड करार केला. यॉर्कटाउनला समुद्राकडून वाट अडवणारं आरमार फ्रेंचांचं होतं, ते नसतं तर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस बोटीत बसून निघून गेला असता.

दुवे शोधायचेच तर खरे दुवे आहेत की. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या तो माल ईस्ट इंडिया कंपनीचाच, डबघाईला आलेल्या कंपनीला वाचवायला पार्लमेंटने तो थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली होती, आणि चहा स्वस्त होऊनही लोक भडकले कारण कर तसाच होता. १७७७ ला सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नाना फडणवीसांशी बोलणी करत होता त्याने मुंबईचे इंग्रज धास्तावले. आणि यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ ला इथे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्ध पुणे दरबार त्याच्याच बाजूने लढला. हे पाठव ग्रुपवर.

सुपेकर

मास्तरांनी सैनिकांच्या पगाराचं सांगितलं त्याच्या पुढचं मी सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. त्याच सैनिकांपैकी पुष्कळ जण शेतकरी. पगाराऐवजी पैसे नंतर देऊ असा सरकारी कागद मिळाला, तो पोट भरायला मिळेल त्या भावाने विकला. घरी आले तर मॅसॅच्युसेट्स राज्य युद्धाचं कर्ज फेडायला कर मागतंय आणि तोही नाण्यात, गावात नाणं दिसत नव्हतं, मग जप्ती, नाहीतर कर्जापायी तुरुंग. १७८६ च्या ऑगस्टमधे नॉर्थॅम्प्टनला शेतकऱ्यांनी कोर्टच भरू दिलं नाही, कोर्ट नाही तर जप्तीचा हुकूम नाही, साधा हिशेब. पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा वॉशिंग्टनच्याच सैन्यातला माजी कॅप्टन. जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या, चार जण मेले. हे शस्त्रागार केंद्राचं, पण केंद्राकडे पाठवायला फौज नाही, शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून मिलिशिया म्हणजे राज्याची हंगामी फौज उभी केली.

मी सुप्याचा म्हणून हे वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. आणि त्याच्या मुळाशी पण अमेरिकाच, तिकडच्या यादवीत कापूस बंद झाला म्हणून इकडे भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडला, १८६५ ला युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि कर्ज मानेवर राहिलं. फरक एवढाच की आमच्याकडे दंग्यानंतर १८७९ ला शेतकऱ्याला थोडं संरक्षण देणारा कायदा आला, तिकडे शेजच्या बंडानंतर घाबरलेल्या बड्या लोकांनी देशाची घटनाच बदलली.

लॉ_कॉलेज_रोड

सुपेकर दादा भारी लिहिलंय, पण सगळं बंडावर ढकलू नका. बंड पेटलेलं असतानाच सप्टेंबर १७८६ ला अ‍ॅनापोलिसला व्यापाराच्या भांडणावर बैठक झाली होती, पाचच राज्यं आली, तिथेच भक्कम केंद्र हवं असणाऱ्या हॅमिल्टन-मॅडिसन मंडळींनी पुढच्या मे मधे फिलाडेल्फियाला मोठी सभा बोलवा म्हणून ठराव केला. बंडाने फक्त घाई झाली आणि वॉशिंग्टन घराबाहेर पडायला तयार झाला.

मला त्या सभेचा बेकायदेशीरपणा आवडतो. काँग्रेसने परवानगी दिली ती करारनाम्यात दुरुस्ती सुचवायची. हे ५५ जण २५ मे १७८७ पासून ऐन उन्हाळ्यात दारंखिडक्या लावून बसले, बाहेर पहारा, आत बोललेलं बाहेर सांगायचं नाही, आणि सप्टेंबरात कोरी करकरीत घटना घेऊन बाहेर आले. वर नियम काय तर तेरा नाही, नऊ राज्यांनी मान्य केलं की त्या नऊंपुरती लागू. मान्यता पण राज्यांच्या विधिमंडळांकडे मागितली नाही, कारण ज्यांचे अधिकार जाणार ते हो कशाला म्हणतील, त्यासाठी वेगळ्या निवडलेल्या सभा. जुन्या करारनाम्याला शांतपणे बाजूला सारलं. परीक्षेत कुणी "दुरुस्ती" लिहिलं तर मी असते तर मार्क कापले असते.

कराच्या प्रश्नाचं उत्तर: लंडनच्या कराला त्यांचा आक्षेप होता कारण तिथे त्यांचा एकही माणूस निवडून गेलेला नव्हता. म्हणून फिलाडेल्फियात कराइतकंच किंवा जास्त डोकं खाल्लं ते कुणाचे किती प्रतिनिधी या भांडणाने. व्हर्जिनिया म्हणे लोकसंख्येवर, न्यू जर्सी-डेलावेअर म्हणे सगळ्यांना सारखं. १६ जुलैला तोडगा ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी कसाबसा पास झाला, हाउसमधे म्हणजे खालच्या सभागृहात लोकसंख्येवर आणि सेनेटमधे म्हणजे वरच्या सभागृहात प्रत्येक राज्याला दोन. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्र १९ आणि गोवा १, तिकडे कॅलिफोर्निया पण २ आणि वायोमिंग पण २, आणि राज्याच्या संमतीशिवाय हे बदलता येत नाही असं घटनेतच लिहिलंय. म्हणून "त्यांचं फेडरल आपल्यासारखंच" असं लिहू नकोस. तिथे आधी राज्यं होती, त्यांनी केंद्र घडवलं. आपल्याकडे संसद साध्या कायद्याने राज्याचे तुकडे करू शकते, तेलंगणा बघ.

आणि जी गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना माहीत होती आणि घटनेत नावानिशी लिहिली नाही ती गुलामगिरी. गुलामाला मत नाही पण प्रतिनिधी मोजताना तो तीन पंचमांश माणूस धरायचा, म्हणजे मालकांच्या राज्यांना जास्तीच्या जागा. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाचे चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक गुलाम होते म्हणजे विचार कर. गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही हेही लिहून घेतलं. जोतिरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती हे निस्तरायला अमेरिकनांनी पुढे यादवीत जे रक्त सांडलं त्यासाठी, १७८७ च्या या सौद्यासाठी नव्हे.

सदाशिव_खडूस

लॉ कॉलेजवाल्या ताई, सगळं बरोबर पण एक राहिलं. सैनिकांचे ते कागद व्यापाऱ्यांनी रुपयाला चार-दोन आण्यांच्या भावात उचलले होते ना, नवीन सरकार आल्यावर १७९० ला अर्थमंत्री हॅमिल्टनने त्या व्यापाऱ्यांना पूर्ण किमतीने पैसे दिले. मूळ सैनिकालाही काही वाटा द्या म्हणून मॅडिसन भांडला, हरला. मला तर ही घटना म्हणजे सावकारांची वसुलीच वाटते.

निवृत्त_मास्तर_कोथरूड

खडूसराव, अर्धं मान्य. फायदा झालाच त्यांचा. पण नुसती वसुली असती तर राज्यांनी एवढं रडतखडत मान्य केलं नसतं. मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९-७९, न्यूयॉर्क ३०-२७. जून १७८८ ला न्यू हॅम्पशायर नववं आलं आणि घटना लागू झाली खरी, पण व्हर्जिनिया-न्यूयॉर्क नसते तर तिला कोण विचारत होतं. आणि हॅमिल्टनने राज्यांची युद्धकर्जं पण केंद्राच्या खात्यावर घेतली, त्या बदल्यात दक्षिणेला राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी दिली, सरळ देवघेव.

अभ्यासिका_नारायण_पेठ

सर्वांचे खूप आभार, सुपेकर दादांचं सगळं लिहून घेतलं. एकच शंका, ऱ्होड आयलंडने ५ टक्क्यांना नाही म्हटलं होतं, मग घटनेच्या वेळी काय केलं?

लॉ_कॉलेज_रोड

सभेला माणूसच पाठवला नाही. घटना आली तर सार्वमत घेऊन फेटाळली. वॉशिंग्टनने ३० एप्रिल १७८९ ला शपथ घेतली तेव्हा ते देशाबाहेर, नॉर्थ कॅरोलायना पण बाहेर होतं पण ते त्याच नोव्हेंबरात आलं. शेवटी सेनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापार तोडायचं बिल पास केलं तेव्हा कुठे २९ मे १७९० ला आले, ३४ विरुद्ध ३२.

सदाशिव_खडूस

आणि बिल ऑफ राइट्स, म्हणजे नागरिकांच्या हक्कांच्या घटनादुरुस्त्या, १५ डिसेंबर १७९१, ते पण घाल उत्तरात. ते नाही म्हणून फिलाडेल्फियाच्या सभेतला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन सही न करता घरी गेला होता.