होमरूलच्या काळात केसरी सोडून बाकीची मराठी पत्रं काय म्हणत होती?

ग्रंथपाल_नगर

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. माळा साफ करताना केसरीच्या १९१६ ते १९१८ च्या बांधीव फायली सापडल्या. कडा वाळवीने खाल्ल्यात, मजकूर बऱ्यापैकी शाबूत आहे. कार्यकारिणीचं म्हणणं पडलं, वर्धापनदिनाला यावरच प्रदर्शन लावू. विषय ठरला 'होमरूल आणि आपला जिल्हा'. होमरूल म्हणजे साम्राज्यात राहून स्वराज्य मागणारी टिळक आणि बेझंटबाईंची चळवळ. टिळकांची नगरची दोन भाषणं ३१ मे आणि १ जून १९१६ ची, तेव्हा विषय घरचाच.

पण फायली वाचत गेले की असं वाटायला लागतं, सगळा महाराष्ट्र एका सुरात स्वराज्य मागत होता आणि आड येत होती ती फक्त नोकरशाही. माझा यावर विश्वास बसत नाही. आमच्याकडे सोसायटीच्या चेअरमनवर एकमत होत नाही, स्वराज्यावर कसं झालं असेल? वेगळं बोलणारी मराठी पत्रं होती का? काय म्हणत होती? आणि आज ती वाचायला मिळतात का?

सिंहगडरोड

विरोध करणारे होते की. सरकारधार्जिणे. त्यांना प्रदर्शनात कशाला जागा द्यायची?

नेवाशाचे_मास्तर

ताई, वरच्या उत्तराकडे लक्ष देऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. नेवासा तालुक्यातलं तरवडी माहीत असेलच. मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' तिथून निघायचं. १९१० साली सोमठाण्याला सुरू झालं, मग तरवडीला आलं आणि १९६७ पर्यंत चाललं. खेड्यात बसून, खेड्यातल्या वाचकासाठी काढलेलं साप्ताहिक. मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला, पण पाठ्यपुस्तकातल्या होमरूलच्या धड्यात त्याचा उल्लेख मला कधी दिसला नाही.

आता मुद्दा. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात टिळकांचा होमरूल संघ स्थापन झाला. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. ॲनी बेझंटबाईंचा वेगळा होमरूल संघ सप्टेंबरात मद्रासेत निघाला. टिळकांच्या वाट्याला मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड. या काळात केसरी जे सांगत होता ते थोडक्यात असं: बादशहा राहू द्या, मधली नोकरशाही हटवा, कारभार आमच्या हाती द्या. नगरच्या भाषणात टिळक म्हणाले की परका कोण हे कातडीच्या रंगावरून किंवा धर्मावरून ठरत नाही, कुणाचं हित बघतो यावरून ठरतं. तुमच्या फायलीत हे सापडेल. ते आधी शोधा, कारण पुढचा सगळा वाद याच वाक्याभोवती फिरतो. जोतिराव फुल्यांच्या विचाराच्या सत्यशोधकांनी, म्हणजे 'दीनमित्र'वाल्यांनी, हाच निकष उचलला आणि टिळकांच्याच बाजूला लावला: मग कुळकर्णी, म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारा ब्राह्मण वतनदार, आमचा की परका?

खेड्यातल्या कुणब्याला नोकरशाही म्हणजे कलेक्टर वाटत नव्हता. तो वर्षातून एकदा घोड्यावरून जाताना दिसला तर दिसला. त्याची नोकरशाही म्हणजे दप्तर बगलेत मारून येणारा कुळकर्णी, आणि त्याच्या मागोमाग सावकार. 'कारभार आमच्या हाती द्या' हे ऐकल्यावर त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो 'आमच्या म्हणजे कुणाच्या?' हाच. 'दीनमित्र' हा प्रश्न विचारत होतं. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात कुळकर्णी वतन मोडलं आणि तलाठी नेमले. हा या वादाचाच एक भाग आहे, वेगळं प्रकरण नाही.

तरीही १९१६ साली वाद एवढा पेटला नव्हता. तो पेटला लखनौनंतर. डिसेंबर १९१६ च्या करारात काँग्रेसने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. टिळक तिथे म्हणाले की सत्ता मुसलमानांच्या हाती गेली, रजपुतांच्या गेली, अगदी खालच्या वर्गांच्या हाती गेली तरी आमची हरकत नाही. चांगलं बोलले. मग २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूची घोषणा झाली, सुधारणा येणार हे नक्की झालं आणि ब्राह्मणेतरांनी तोच हिशेब पुढे मांडला: मुसलमानांना देता तर आम्हाला का नाही? त्याच नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला टिळक जे बोलले ते तुम्ही ऐकलं असेल. तेली, तांबोळी, कुणबी यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचंय, अशा अर्थाचं. ज्यांना विरोधक 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवायचे त्यांच्याच तोंडी हे आलं, म्हणून ते अजून विसरलं गेलेलं नाही.

त्याच साली पुण्यात वालचंद कोठारींनी ब्राह्मणेतरांच्या बाजूचं 'जागरूक' काढलं. दोन वर्षांनी श्रीपतराव शिंद्यांचं 'विजयी मराठा'. म्हणजे केसरीच्या दारातच! मवाळांचं 'ज्ञानप्रकाश' आधीपासून होतंच, पण त्याचा सूर 'हळूहळू, पायरीपायरीने' असा. खरं सांगायचं तर त्यात मजा नाही. मुंबईत अच्युतराव कोल्हटकरांचा 'संदेश' टिळकांच्या बाजूचा, पण भाषा अशी चटकदार की केसरीचा अग्रलेख त्याच्यापुढे वकिलाची नोटीस वाटावा.

आणि शेवटी आंबेडकरांचं 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. तोवर माँटेग्यूच्या सुधारणांचा १९१९ चा कायदा झाला होता, म्हणून तुमच्या फायलींच्या पुढचा काळ आहे, पण तो वगळू नका. स्वराज्य आलं तर त्यात अस्पृश्यांचा वाटा किती, हा प्रश्न आंबेडकरांनी २७ जानेवारी १९१९ ला मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे मांडला होता. तोच वर्षभराने मराठीत, स्वतःच्या पत्रातून आला. 'मूकनायक'ची जाहिरात केसरीने पैसे देऊनही छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहून ठेवलंय.

सिंहगडरोड

मास्तर, एक बाजू लांबलचक मांडलीत. नगरच्या त्याच भाषणांवरून टिळकांवर खटला भरला गेला, हे एका ओळीतही नाही. २३ जुलै १९१६, साठाव्या वाढदिवशी नोटीस. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जिनांनी वकिली केली आणि ९ नोव्हेंबरला हायकोर्टाने हुकूम रद्द केला. संघाने पहिल्या वर्षात मराठी-इंग्रजी पुस्तिकांच्या ४७,००० प्रती विकल्या. लोकांना नको असतं तर कोणी विकत घेतल्या असत्या?

नेवाशाचे_मास्तर

खटल्याचं बरोबर, ते प्रदर्शनात हवंच. जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पुस्तिकांचंही मान्य. पण पुस्तिका विकत घेणारा आधी वाचता येणारा हवा, आणि १९१६ साली ते कोण होते?

आणि सगळे ब्राह्मणेतर विरोधात होते असं मी म्हटलेलं नाही. विठ्ठल रामजी शिंदे स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले. मार्च १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, तिथे टिळक म्हणाले की देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही. नंतर अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर टिळकांची सही मागितली तर त्यांनी केली नाही. दोन्ही गोष्टी शेजारी लावा आणि बघणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू द्या.

कागदपत्री

ताई, कुठे मिळेल ते सांगतो. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. सरकार त्या काळी दर आठवड्याला देशी पत्रांचा गोपनीय गोषवारा काढायचं, त्या फायली तिथे मागा. अनेक पत्रांचे मूळ अंक हाती लागत नाहीत, तिथे तोच आधार. पण सावध राहा. ते उतारे सरकारी भाषांतरकाराने निवडलेले आणि इंग्रजीत केलेले आहेत. साहेबाला ज्याची काळजी वाटेल तेवढंच त्याने घेतलंय. राजद्रोहाचा वास येणारा परिच्छेद हमखास मिळेल, कुळकर्ण्यावरची टीका मिळेलच असं नाही.

ग्रंथपाल_नगर

सगळ्यांचे आभार. मास्तर, आधी तरवडीला जाऊन येते, मुंबई नंतर. कार्यकारिणीतल्या एकांनी आत्ताच फोनवर सांगितलं की अथणी नको, वाद होईल. मी म्हटलं, प्रदर्शनाचा विषयच तो आहे. बघू. गोषवाऱ्यातले उतारे मराठी करून फलकावर लावले तर चालतील का?

कागदपत्री

लावा, पण वर ठळक लिहा: 'सरकारी इंग्रजी गोषवाऱ्यावरून'. अवतरणचिन्हं देऊ नका. मुकुंदरावांचं वाक्य म्हणून तुमचं भाषांतर उद्या दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकात जायचं.